जिवतीच्या कागदावरची राक्षसी

गोदाकाठ

श्रावण जवळ आला की पूजासाहित्याच्या दुकानांत जिवतीचे कागद दिसू लागतात. दिव्याच्या अवसेला आमच्या देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर नवा कागद चिकटवला जातो आणि पुढे महिनाभर दर शुक्रवारी त्याला आघाडा, दूर्वा आणि कापसाचे गेजवस्त्र वाहिले जाते. या कागदावर वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात आणि मध्ये दोन स्त्रिया असतात. त्यांच्या मांडीवर मूल, शेजारी पाळणा, अंगाखांद्यावर खेळणारी पोरे. या दोघींना जरा-जिवंतिका म्हणतात. आपण त्यांच्यापुढे मुलांना पाटावर बसवून पुरणाच्या दिव्यांनी ओवाळतो, पण त्यांतली जरा कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जरा ही महाभारतातली मांस आणि रक्त खाणारी राक्षसी आहे.

सभापर्वातली कथा पुष्कळांना ठाऊक असेल. मगधाचा राजा बृहद्रथ याला दोन राण्या होत्या. दोघी काशिराजाच्या जुळ्या मुली. मूल होत नव्हते म्हणून चंडकौशिक ऋषींनी एक आंबा दिला, तो दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींच्या पोटी अर्धे अर्धे शरीर जन्मले: एक डोळा, एक हात, एक पाय. घाबरलेल्या दायांनी ते तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तिथे जरा आली. नेण्याला सोपे जावेत म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले आणि ते जुळून जिवंत मूल झाले. त्याने लाल तळव्याची इवलीशी मूठ तोंडात घातली आणि असा टाहो फोडला की सगळे अंतःपुर बाहेर धावले. दूध दाटून आलेल्या, आशा सोडलेल्या दोन्ही राण्या समोर पाहून जरेच्या मनात आले की, ज्या राजाच्या राज्यात आपण राहतो त्या पुत्रासाठी तळमळणाऱ्या राजाचे मूल उचलून नेणे बरे नाही. तिने मूल परत दिले. हाच जरासंध.

यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. प्रचलित पाठात जरा राजाला म्हणते की, मी मेरूसुद्धा खाऊ शकते, मग तुझ्या बाळाचे काय. पण तुझ्या घरात माझी पूजा होते म्हणून संतुष्ट होऊन मी ते परत देते आहे. ती स्वतःला गृहदेवी म्हणवते. जो कोणी मुलांसह असलेले माझे चित्र भिंतीवर काढील त्याच्या घरी वृद्धी होईल, नाहीतर क्षय होईल, असेही ती सांगून ठेवते. राजाने पुढे मगधात तिच्या नावाने महोत्सव सुरू केला. आपण श्रावणात भिंतीवर जो कागद लावतो तो अक्षरशः या वचनाप्रमाणे आहे: भिंत, चित्र, भोवती मुले. एवढ्या शतकांत त्या वचनातली धमकी मात्र आपल्या स्मरणातून निघून गेली.

अशीच कथा मगधाच्याच राजधानीत, राजगृहात, बौद्धांनीही सांगितली आहे. तिथे तिचे नाव हारीती. स्वतःची पाचशे मुले असलेली ही यक्षिणी नगरातली मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचा सर्वांत धाकटा मुलगा प्रियंकर आपल्या भिक्षापात्राखाली लपवला. ती वेड्यासारखी रानोमाळ शोधत फिरली आणि शेवटी बुद्धाकडे आली, तेव्हा त्याने तिला विचारले की, पाचशेंतला एक हरवला तर तुझी ही गत, मग ज्यांना एकच होता त्यांचे काय झाले असेल? हारीती शरण आली, पण आता मी आणि माझी मुले काय खाणार, असे तिने विचारले. प्रत्येक विहारात रोज तुझ्या नावाचा घास काढला जाईल, असे वचन तिला मिळाले. सातव्या शतकात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, भारतातल्या विहारांत दारापाशी किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारीतीची प्रतिमा असते, कडेवर मूल आणि गुडघ्यांशी आणखी तीन-पाच मुले, आणि तिला रोज अन्न वाढले जाते.

तिला पाहायला दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मागच्या बाजूच्या उपगर्भगृहात ती आपला नवरा पांचिक यक्ष याच्याशेजारी बसली आहे, मांडीवर मूल घेऊन. वरच्या कोपऱ्यांत तीच पुन्हा दोनदा कोरली आहे: एकीकडे बुद्धावर चालून जाणारी, दुसरीकडे शरण आलेली. पायथ्याच्या पट्टीत छडी घेतलेले गुरुजी आहेत, आणि मागे अभ्यास सोडून खेळात दंग झालेली पोरे. शिल्पकाराने तिचे उग्र रूप लपवलेले नाही. ते शांत मूर्तीच्या डोक्यावरच ठेवले आहे.

'दुष्ट आई' म्हटले की परक्या देशांतल्या चेटकिणी आणि सावत्र राण्या आपल्याला आठवतात. माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडची मूल खाणारी आई त्यांच्याहून वेगळ्या वाटेने गेली. तिला मारून गोष्ट संपवलेली नाही. तिला घरात जागा दिली, घास दिला, आणि जिची भीती होती तिच्याच हाती मुलाची राखण सोपवली. यावर आपली मते वाचायला आवडतील.

निंबोणी

लेख फार आवडला. पण तिला मारले नाही, हे विधान पूतनेला लागू पडत नाही, आणि ती तर या सगळ्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. स्तनाला विष लावून आलेली आई, यापेक्षा भयंकर कल्पना दुसरी कोणती असणार? हरिवंशात ती कंसाची दाई आहे आणि मध्यरात्री पक्षिणीच्या रूपात येते; भागवतात ती देखणी स्त्री होऊन येते आणि यशोदा-रोहिणी तिचे तेज पाहून नुसत्या उभ्या राहतात.

तरीही भागवताचा दहावा स्कंध नीट वाचला तर तुमच्या मुद्द्याला बळच मिळते. पूतना मेल्यावर गोपी कृष्णाला उचलून आणतात, त्याच्यावरून गाईचे शेपूट फिरवतात, गोमूत्राने न्हाऊ घालतात, गोधूळ लावतात आणि एकेका अवयवावर देवाचे नाव ठेवून रक्षा बांधतात. त्या रक्षामंत्रात बाळाला त्रास देणाऱ्यांची यादी येते: कोटरा, रेवती, ज्येष्ठा, पूतना आणि मातृका. अंगणात जिचे प्रेत पडले आहे तिचेच नाव घेऊन, तिच्यापासून बाळाचे रक्षण होवो, अशी प्रार्थना चालली आहे. मला हा तपशील विलक्षण वाटतो, कारण कथेतली पूतना मेली तरी घरोघरीची पूतना मरत नाही, हे त्या गोपींना माहीत आहे.

शिवाय तिचे प्रेत जाळल्यावर धुराला अगरूचा सुगंध येतो आणि तिला आईची गती मिळते. तिसऱ्या स्कंधात उद्धव म्हणतो की मारण्याच्या हेतूने का होईना, पण तिने स्तन दिला, म्हणून तिला दाईला योग्य अशी गती लाभली. ज्या परंपरेने तिला राक्षसी म्हटले तिलाच तिचे आईपण नाकारता आले नाही.

सह्यकडा

गोदाकाठ, माहिती मोलाची आहे, पण निष्कर्ष मला फार मवाळ वाटतो. राक्षसीला घरात जागा दिली हे खरे, पण त्या घरातल्या हाडामांसाच्या आईचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे.

महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या जन्मानंतर मातृगणांची, म्हणजे मुलांना पीडणाऱ्या मातृदेवतांच्या समूहाची, हकीकत आहे. तिथे स्पष्ट सांगितले आहे की सोळा वर्षांपर्यंतची मुले या ग्रहांच्या, म्हणजे झपाटणाऱ्या शक्तींच्या, तावडीत असतात. सर्पांची आई कद्रू सूक्ष्म रूपाने गर्भवतीच्या शरीरात शिरून गर्भ खाते, असेही तिथेच आहे. सुश्रुताच्या आयुर्वेदग्रंथाच्या उत्तरतंत्र या भागात नऊ बालग्रह, म्हणजे मुलांना धरणाऱ्या शक्ती, दिले आहेत आणि त्यांत शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका ही नावे आहेत. ज्या काळी ताप, जुलाब, आकडी यांनी तान्ही बाळे डोळ्यांदेखत जात, त्या काळी या रोगांना चेहरा हवा होता आणि तो चेहरा बाईचा निवडला गेला, इतपत मी समजू शकतो.

काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या आयुर्वेदग्रंथातला रेवतीकल्प हा अध्याय मात्र पुढची पायरी गाठतो. तिथे रेवती 'जातहारिणी' होते, म्हणजे जन्मलेले किंवा जन्मू घातलेले मूल हरण करणारी, आणि ती कोणाला धरते? जी स्त्री धर्म सोडते, भांडते, रागावते, मोठ्यांचा मान ठेवत नाही, तिला. गर्भ गेला, मूल दगावले, की कारण आईच्या वागण्यात शोधायचे. म्हणजे दुष्ट आईची ही कल्पना देवळात किंवा भिंतीवर थांबली नाही, ती बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आली. 'पोरं खाल्ली मेलीनं' हे शब्द मी स्वतः, माझ्या लहानपणी, लागोपाठ दोन मुले गमावलेल्या शेजारणीबद्दल ऐकले आहेत, आणि ते बोलणाऱ्या बायका श्रावणात जिवतीपुढे मनोभावे ओवाळतही असत. राक्षसीला मिळालेली क्षमा त्या शेजारणीच्या वाट्याला आली नाही.

कोकणवळण

सह्यकडा यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. आमच्याकडे कोकणात गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेल्या बाईचे भूत, म्हणजे अळवंत, होते, असे जुनी माणसे सांगत. ती दुसऱ्यांच्या बाळंतिणींना आणि बाळांना धरते. म्हणून अशा बाईला न्यायचे तर घरापासून मसणवटीपर्यंत वाटेवर राळ्याचे दाणे विखरत जायचे. ते सगळे वेचल्याशिवाय तिला परत येता येत नाही, अशी समजूत. मला या प्रथेतली गोष्ट नेहमी खुपते ती अशी की, जिच्या जाण्याने घर सर्वांत जास्त हळहळायला हवे तिच्याच परतीची वाट बंद करण्याची घाई असे. तिचे स्वतःचे बाळ कधीकधी घरात जिवंत असे. तिला परत यावेसे वाटणे यात दुष्टपणा कुठे आला?

अनाहत

युरोपविषयी ओझरता उल्लेख झाला आहे, त्यात थोडी दुरुस्ती सुचवते, कारण तिथलाही प्रवास तितका सरळ नाही.

जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या 1812 सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला माणूस पाठवणारी राणी तिची सख्खी आई आहे. 1819 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून येण्याचा हट्ट धरणारी बाईही आधी सख्खी आई होती, 1840 च्या आवृत्तीत ती सावत्र केली गेली. पुस्तक मुलांच्या हाती जाऊ लागले तसे सख्ख्या आईचे असे चित्र संपादकांना सोसवेना. म्हणजे तिथे आईचे दोन तुकडे केले गेले: चांगली तेवढी मेलेली आई आणि वाईट तेवढी सावत्र. मग त्या दुसरीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवायला कोणालाच संकोच उरला नाही. या साफसफाईची किंमत खऱ्याखुऱ्या सावत्र आयांनी दिली आहे. मी स्वतः दोन मुलांची सावत्र आई आहे, आणि मुलांना झोपवताना या गोष्टी वाचण्याची वेळ येते तेव्हा काय वाटते ते मी शब्दांत मांडू शकत नाही.

ग्रीकांकडे पाहिले तर चित्र निराळे आहे. त्यांच्या पुराणकथांतली मीडिया म्हटले की नवऱ्यावरच्या सूडापोटी पोटची मुले मारणारी आई आठवते, आणि ही प्रतिमा मुख्यतः इ. स. पू. 431 मधल्या युरिपिडीसच्या नाटकाने रूढ केली. पण दुसऱ्या शतकातला प्रवासी पौसानियास कॉरिंथ या ग्रीक नगराचे वर्णन करताना वेगळी हकीकत देतो: ती मुले कॉरिंथकरांनीच दगडांनी ठेचून मारली. त्यानंतर नगरातली तान्ही बाळे मरू लागली, आणि देववाणीच्या सांगण्यावरून दरवर्षी मुलांसाठी बळी देऊ लागले आणि 'भया'ची मूर्ती उभारली. ती मूर्ती भेसूर दिसणाऱ्या स्त्रीची होती आणि आपल्या काळीही तिथे उभी आहे, असे तो लिहितो. हे वाचताना मला राजगृहाचीच आठवण झाली. लामिया या लिबियाच्या राणीचेही तसेच: हेरा या देवीने तिची मुले मारली आणि त्या दुःखाने वेडी होऊन ती दुसऱ्यांची मुले खाऊ लागली. मूल खाणाऱ्या आईच्या मागे गेलात की बहुतेक ठिकाणी मूल गमावलेली आई भेटते.

रानमेवा

कैकेयीचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? आणि कद्रूचा उल्लेख वर गर्भ खाणारी म्हणून आला, पण आदिपर्वातली कद्रू मला जास्त भयंकर वाटते. उच्चैःश्रव्याच्या शेपटीचा रंग काळा की पांढरा, या पैजेत लबाडी करायला सर्पपुत्रांनी नकार दिला म्हणून तिने पोटच्या मुलांना जनमेजयाच्या यज्ञात जळून मराल असा शाप दिला. इथे कोणतेही दुःख नाही, गमावलेले मूल नाही. जी शुद्ध दुष्ट आई आपण शोधत आहोत ती हीच नाही का?

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. रानमेवा, कैकेयी आणि कद्रू यांना मी मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्या दोघींच्या गोष्टी सवतींच्या आणि वारशाच्या आहेत. वाल्मीकींच्या रामायणात तर राम स्वतः भरताला सांगतो की कैकेयीच्या लग्नातच दशरथाने तिच्या वडिलांना राज्य कन्याशुल्क म्हणून कबूल केले होते. तेव्हा ती मुलाचा हक्क मागणारी आई ठरते, आणि तिने तो फार क्रूरपणे मागितला. कद्रूची पैजही सवतीला दासी करण्यासाठी होती. शाप दिल्यावर ब्रह्मदेवाने तिला थांबवले नाही, उलट विषारी सापांची संख्या फार वाढली आहे म्हणून मान्यता दिली. ती दुष्ट आहे हे मला मान्य आहे, पण तिची कोणी भिंतीवर पूजा केली नाही. माझे कुतूहल जिला पूजावे लागले तिच्याविषयी आहे.

सह्यकडा यांचा आक्षेप मला टाळता येत नाही आणि टाळायचाही नाही. रेवतीकल्पातली ती जंत्री वाचताना मलाही संताप येतो. पण त्याच परंपरेत दुसरा आवाजही आहे आणि तो हारीतीच्या पूर्वजन्माच्या कथेत ऐकू येतो. मूलसर्वास्तिवादी या बौद्ध पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, ती कथा आहे. राजगृहात एक गुराख्याची बायको होती. ती गरोदर होती आणि ताकाचे भांडे घेऊन चालली असताना उत्सवाला निघालेल्या लोकांनी तिला नाचायला बोलावले. नाचताना तिचा गर्भ गेला. लोक पुढे निघून गेले. तिने ताक देऊन पाचशे आंबे घेतले, समोर आलेल्या प्रत्येकबुद्धाला, म्हणजे स्वतःच बोधी मिळवलेल्या पण उपदेश न करणाऱ्या साधूला, ते अर्पण केले आणि मागणे मागितले की, पुढच्या जन्मी याच नगरात जन्म घेऊन मी यांची मुले खाईन. या कथेत दोष कोणाकडे जातो ते पाहा. बाई नाचली म्हणून दोषी आहे, असे कथा म्हणत नाही. तिला नाचवून वाऱ्यावर सोडणारे नगर पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुले गमावते. कॉरिंथची हकीकत अनाहत यांनी दिली ती याच्या किती जवळची आहे! या दोन नगरांनी आपल्या हातून घडलेले त्या स्त्रीच्या भेसूर चेहऱ्यात पाहिले, असे मला वाटते. कोकणवळण यांच्या राळ्याच्या दाण्यांमागेही असाच काही अपराधभाव असेल का, याचा विचार करतो आहे.

जिवतीच्या पूजेतल्या शुक्रवारच्या कहाणीबद्दल लिहायचे राहिले होते, ते आता लिहितो. त्या कहाणीत दुष्ट आई खरोखर आहे: मूल होत नाही म्हणून गरोदरपणाचे सोंग करणारी राणी, आणि तिच्यासाठी गरीब ब्राह्मणीचे नवजात बाळ चोरून ब्राह्मणीपुढे वरवंटा ठेवणारी सुईण. ब्राह्मणी माझे बाळ असेल तिथे खुशाल असो, म्हणून चारी दिशांना अक्षता टाकते आणि त्या राजवाड्यातल्या बाळाच्या डोक्यावर पडतात. तो मुलगा मोठा होऊन काशीला निघतो, वाटेत अशा घरी उतरतो जिथे बाळे जन्मतात आणि पाचव्या-सहाव्या रात्री दगावतात. तो दारातच आडवा झोपतो. रात्री सटवी येते आणि माझ्या वाटेत कोण पसरले आहे, असे विचारते. जिवती तिला अडवते: माझे नवसाचे बाळ निजले आहे, मी त्याला ओलांडू देणार नाही. त्या रात्री बाळ वाचते. नेणारी आणि राखणारी एकाच उंबऱ्याशी, एकमेकींना ओळखणाऱ्या शेजारणींसारख्या बोलतात, त्यांत युद्ध होत नाही. शेवटी सगळ्या गावाच्या जेवणात खऱ्या आईला पान्हा फुटतो, धारा मुलाच्या तोंडात पडतात आणि ओळख पटते. राणीला शिक्षा करण्यात कहाणी रमत नाही. राजवाड्याशेजारी ब्राह्मणीला वाडा बांधून मिळतो आणि मुलाला दोन्ही आया राहतात. अनाहत, सावत्रपणाचा सल ज्या गोष्टींनी वाढवला त्यांच्या शेजारी ही कहाणी ठेवून पाहावी, अशी विनंती आहे.

आता एक मदत हवी आहे. कोणाच्या घरी जुने, हाताने काढलेले किंवा शिळाप्रेसवर छापलेले जिवतीचे चित्र असेल, किंवा देव्हाऱ्यात जिवतीचा चांदीचा टाक असेल, तर त्यावरच्या दोन स्त्रियांचे वर्णन इथे लिहावे. दोघींचे चेहरे, बसण्याची पद्धत, मुलांची संख्या सारखी आहे की त्यांत फरक दिसतो? त्यांतली जरा कोणती, असे तुमच्या घरात कोणी सांगत असे का? देशावर, कोकणात आणि विदर्भात हे चित्र बदलते का, हेही त्यातून कळेल. छायाचित्र टाकताना घरातल्या माणसांचे चेहरे त्यात येणार नाहीत, एवढे पाहावे.